निरोगी बायका पाहिजेत

नाशिक
१२ जानेवारी २०२५

मनू,

वर 'चि. सौ.' लिहायला हात गेला होता, आवरला. नुसतं 'चि.' लिहावं तर म्हणशील, आईला अजून मी शाळेतली पोरच वाटते. म्हणून नुसतं मनू. माझा नंबर तू ब्लॉक केलास. राकेशच्या फोनवरून बोलायला गेले तर आवाज ऐकून ठेवून दिलास. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे स्पीड पोस्ट. पत्ता तुझ्या भावाने दिलेला नाही, त्याच्यावर उगाच डाफरू नकोस. दिवाळीत तू त्याच्या पोरांना कपडे पाठवलेस ना, त्या खोक्यावरून मी उतरवून घेतला.

भांडण उकरायला लिहीत नाही. रोहितच्या घरच्यांपुढे मी म्हणाले होते की वर्षभर थांब, हैदराबादची नोकरी कुठं पळून जात नाही. ते माझ्या मते आजही चूक नव्हतं. तू नवरा सोडलास, नोकरी धरलीस, आणि जाता जाता मला म्हणालीस, "आई, तुला काही सांगायला आलं की तू लाल पेन काढतेस." बरं. काढते. तीस वर्षं पेठ तालुक्यात पोरांच्या वह्या तपासल्या, सवय कशी जाणार? झालं, यापुढं त्यावर शब्द काढणार नाही.

गंमत सांगायला लिहितेय. तीन तारखेला आपल्या विहारात सावित्रीमाईंची जयंती होती. भाषणं झाली, पोरींनी ओव्या म्हटल्या, आणि मग एक मुलगी माइकपाशी आली. संजना तिचं नाव. मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात एमआरआय मशीन चालवते. माइक ठोकून म्हणते कशी, "आम्हाला निरोगी बायका पाहिजेत." सगळ्या हसल्या. तर म्हणाली, "हसू नका. स्तनांच्या आजारांवर आमच्या डॉक्टरांचा अभ्यास चालू आहे. आजारी स्तनाचे फोटो ढिगाने आहेत. पण चांगला स्तन आतून कसा असतो, वयाप्रमाणे कसा बदलतो, ते फारसं कुणी मोजलेलं नाही. चांगलं काय ते माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखायचं कसं?" विहारात माइकवर 'स्तन' शब्द! बायकांचे हात आपसूक पदराकडे गेले. पुढं बसलेल्या पोरांना कुणीतरी खाऊच्या नावाखाली बाहेर पिटाळलं.

मग तिनं विचारलं, निरोगी कोण आहे. अगं, एक हात वर होईल तर शपथ. हिला बीपी, तिला शुगर, एकीचे गुडघे, एकीला थायरॉइड. आपण धडधाकट आहोत असं म्हणवेनाच कुणाला. शेजारची कुसाबाई, कळवणची, तुझ्या हळदीत सगळ्यांत मोठ्यानं गाणारी, ती म्हणाली, "माझं तर समदंच दुखतं बाई, मला नाय घेणार कोणी." मला काय झालं कोण जाणे, मी हात वर केला. वर्गात पहिला नंबर आल्यासारखी सगळ्यांकडे बघून घेतलं.

संजनानं तिथंच प्रश्न विचारले. गाठ? नाही. ऑपरेशन? नाही. अंगात कुठं पट्टी, स्क्रू? नाही. आई, बहीण, मुलगी, कुणाला छातीचा कॅन्सर? "आमच्या सात पिढ्यांत नाही," मी म्हणाले. इतक्या जोरात की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या.

मंगळवारी गेले. कुसाबाई सोबत आली, द्राक्षांची पिशवी घेऊन बाहेर बसली. आत कानातलं काढा, पिना काढा, ब्लाउजचे हुक लोखंडी म्हणून तेही काढा, त्यांचा झगा घाला, पुढून उघडा. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. तुझे पप्पा गेल्यापासून या अंगाकडे मी स्वतःही नीट पाहिलेलं नव्हतं. पालथं झोपवतात. छातीखाली दोन खळगे असतात, त्यात दोन्ही बाजू सोडायच्या, आणि तोंड खाली करून गप्प पडायचं. हातात रबरी फुगा देतात. "काकू, काही वाटलं तर दाबा, मी लगेच येते," संजना म्हणाली. मग आवाज सुरू झाला. कॉलनीत बोअर मारला होता आठवतं? तो घराच्या आत मारला तर कसा वाटेल, तसा.

सुई नाही, औषध नाही. मी आधीच विचारून घेतलं होतं, बघता काय तुम्ही त्यात? संजना म्हणाली, "काकू, अंगातलं पाणी क्षणभरही गप्प बसत नाही. पेशींच्या मधून सारखं इकडे तिकडे हलत असतं. ते किती मोकळेपणी हलतंय, तेवढंच हे मशीन बघतं." मी म्हटलं, म्हणजे शाळा सुटली की पोरं मैदानात उधळतात, पण वर्गात बाकं दाटीनं लावली तर त्यांना हलताच येत नाही, तसं का? "अगदी तसंच! गाठ असते तिथं दाटी होते, पाणी अडतं," ती म्हणाली. तरुण पोरींना पाळीच्या हिशोबानं बोलावतात म्हणे, कारण महिन्याच्या चक्रात आतलं पाणी बदलतं. माझा तो प्रश्न कधीच मिटला. माझ्या वयाला दुधाची जागा आटून चरबी उरते, मोजायला अवघड जातं, म्हणून म्हाताऱ्या जास्तच हव्यात त्यांना. म्हातारी हवी आहे असं मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं असेल.

तिथं पालथी पडल्या पडल्या मला तुझीच आठवण आली. तू झालीस तेव्हा मी पेठला होते. तू फक्त डावीकडं प्यायचीस. उजवीकडं लावलं की तोंड फिरवून किंचाळायचीस. उजवी बाजू दगड झाली, ताप चढला. शेजारची म्हातारी आक्काबाई शेक द्यायची आणि तुझ्याकडं बघत म्हणायची, "लय हट्टी हाय गं ही, आईला जाळंल." मी हसायचे. आताही हसूच आलं, पण हलायचं नाही अशी ताकीद होती.

मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय. तीच बाई, तेच मशीन, तर आकडा तोच येतो का, ते ताडून बघणार आहेत.

पत्राचं उत्तर नको. जेवत जा वेळेवर.

आई

*

नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

मनू,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू सही करून घेतलंस. वाचलंस की नाही ते तुझं तू जाणे.

राकेशचं काहीतरी बिनसलंय. कंपनीच्या ट्रेनिंगला म्हणून पावसाळ्यापासून महिन्यातून दोनदा हैदराबादला जातो. ओझरच्या कारखान्यात बारा वर्षं काढली, तेव्हा कधी ट्रेनिंग नव्हतं. तुला भेटतो का विचारलं तर म्हणतो, वेळच मिळत नाही. बहीण त्याच गावात आणि भावाला वेळ मिळत नाही! मी म्हटलं, तिनं शिकवलं का तुला हे बोलायला? तर उठून बाहेरच गेला.

परवा येऊन म्हणतो, आई, नागलीचं सत्त्व करून दे. मला वाटलं, पोरांसाठी. तर नाही. तिकडच्या कुणा मित्राची बायको आजारी आहे. तोंड आलंय, तिखट-मीठ काही चालत नाही, पातळ तेवढं गिळते. केस गेलेत म्हणे. मी काय समजायचं ते समजले. वय विचारलं. म्हणाला, तेहेतीस. तुझ्याच वयाची की गं. मी त्याला म्हटलं, मित्राची बायको हैदराबादची आणि सत्त्व नाशिकहून? तिला आई नाही का? आईला काय झालं करून द्यायला? राकेश मोबाइल उघडून बसला.

केलं बाई. नागली धुऊन भिजत घातली, वाटली, पांढऱ्या फडक्यातून गाळली, निवळू दिली, वरचं पाणी ओतून खालचा साका ताटात पसरून गच्चीवर वाळवला. कुसाबाई राखण बसली, कबुतरं लय झालीत म्हणाली. स्टीलच्या उभ्या डब्यात भरून दिलं, पप्पांच्या ऑफिसच्या डब्यात. परक्या बाईसाठी केलं, पण मन लावून केलं. तिच्या आईला जमत नसेल काही कारणानं.

आणि तू ऐक. माझ्यावर चिड, काही कर, पण एकदा दाखवून घे. आपल्यात कुणाला नाही म्हणून गाफील राहू नकोस. संजना म्हणते, अंघोळीच्या वेळी हातानं चाचपून बघायचं, त्यात लाजायचं काही नाही. आईनं सांगितलं म्हणून नको करूस, हवं तर त्या मुलीनं सांगितलं म्हणून कर.

आई

*

नाशिक
१७ फेब्रुवारी २०२५

मनू,

काल डबा परत आला. राकेशनं ओट्यावर ठेवला आणि अंघोळीला गेला. मी उघडला. आत कागदाची पुडी होती, पुडीत चिमूटभर साखर.

रिकामा डबा परत पाठवू नये, ही रीत पुष्कळ घरांत आहे. हैदराबादच्या कुणा बाईच्या घरीही असेल. पण ती पुडी दोन्ही टोकं आत खोचून बांधली होती, उलटी केली तरी कण सांडू नये अशी. तशी पुडी मी पेठच्या शाळेत पोरांना बांधायला शिकवायचे, बियांच्या तासाला. तू तिसरीत होतीस, माझ्याच वर्गात. तुझी पुडी सुटायची म्हणून मी सगळ्यांसमोर तुला दहादा बांधायला लावली होती.

मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून हाका मारल्या. राकेश ओला तसाच बाहेर आला. पुडी पुढे धरली तर लहान पोरासारखा रडायला लागला. "आई, मनूलाच आहे. छातीत. ऑगस्टपासून."

ऑगस्टपासून. मी जानेवारीत विहारात छाती काढून सांगत होते, सात पिढ्यांत नाही. आणि तू ते पत्रात वाचलंस. तुला किती लागलं असेल गं. हसलीस का? हसली असशील तर बरं.

मनू, मी ते विचारलं होतं, तिला आई नाही का म्हणून. राकेशच्या तोंडावर विचारलं होतं.

~~~~~~~~~~~~

वर एक ओळ खोडली आहे. उजेडात धरून वाचू नकोस. वेळेवर दाखवलं का नाहीस, असंच काहीतरी होतं. पेन आपोआप तिकडं वळतं. खोडलंय ना आता, सोडून दे.

दुपारी मी बॅग भरली. रिक्षा करून नाशिकरोडला गेले, हैदराबादच्या गाडीचं तिकीट काढलं. राकेश मागोमाग गाडी घेऊन आला. म्हणाला, "आई, तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय. तू आलीस तर ती दार उघडणार नाही. तिची ताकद नाही आई आता तुझ्याशी बोलायची." मी म्हटलं, बोलणारच नाही, बाहेर जिन्यात बसते. तो म्हणाला, "जिन्यात बसलीस तरी ती आतून थकेल." प्लॅटफॉर्मवर गाडी आली, थांबली, गेली. तिकीट मी फाडलं नाही, कपाटात ठेवलंय.

घरी येऊन राकेशला एकच विचारलं, कुठल्या बाजूला आहे? तर म्हणाला, "मला काय माहीत? मी बहिणीला असं कसं विचारू?" सहा महिने बिचारा दवाखान्याच्या पायऱ्या चढतोय, रक्त दिलं, गोळ्या आणल्या, रांगेत उभा राहिला, आणि हे विचारायची त्याला लाज वाटली. कागदावर सगळं इंग्रजीत, आणि ती कागद हातात देत नाही म्हणे. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी आणखी कुणाला, तर तेही तूच बोलतेस, त्याला बाहेर बसवतेस. त्याच्यावर ओरडणार होते. पण त्याला असं वाढवलं कुणी? मीच.

आता पडले की हात आधी डावीकडं जातो. मग वाटतं उजवीकडं असेल, मग तिकडं ठेवते. चाचपते. काही लागत नाही. माझ्यात काही नाही गं. मला का नाही? साठीला आले, माझं सगळं करून झालंय. याला काही अर्थ आहे का?

एक सुचलं होतं, तेही सांगते. तुझं अंग माझ्यावर गेलंय. खांदे तेच, पाय तेच, बोटंसुद्धा माझीच. मग आतूनही तशीच असणार. माझा तो फोटो तुझ्या डॉक्टरांना पाठवला तर त्यांना कळेल, मनूचं मुळात कसं होतं, पाणी कसं मोकळं फिरत होतं, कुठवर परत आणायचं. मी संजनाला फोन करून सीडी मागितली. ती म्हणाली, "काकू, सीडी नाही देत आम्ही, रिपोर्टही नसतो. नाव काढून टाकतो, नुसता नंबर राहतो. आणि एकीचा फोटो दुसरीला लागू पडत नसतो, अगदी आई-मुलगी असल्या तरी." मी शाळा शिकवलेली बाई, मला हे कळायला हवं होतं. तरी विचारलं. मग ती म्हणाली, "पण सगळ्यांचे मिळून आकडे निघतील ना, ते पुढं कुणाच्या तरी नक्की उपयोगी पडतील."

कुणाच्या तरी. बरं, कुणाच्या तरी तर कुणाच्या तरी. कशासाठी विचारतेय ते मी तिला सांगितलं नाही. सत्त्व आणि तो एक नंबर, एवढंच माझ्या हातात आहे. मार्चला जाणार.

साखर पाठवलीस. मी ती चहात घातली नाही. पुडी तशीच आहे.

आई

*

नाशिक
९ मार्च २०२५

मनू,

शुक्रवारी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी महिला दिन, म्हणून हॉस्पिटलच्या दारात गुलाबी फुगे लावले होते आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला एक गुलाब. कुसाबाईनं दोन घेतले.

तिला मी तुझं सांगितलंय. रागावू नकोस. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. जाताना रिक्षात ती म्हणाली, "ते परत इचारतील बघ, घरात कोणाला हाय का. सरळ नाय म्हण. कोण येतंय तपासायला? तुझी मनू हैदराबादला, आन् ह्यांचं मशीन इथं." मी म्हटलं, आणि हो म्हटलं तर? "तर हाकलतील. त्यांना निरोगी घराण्याची बाई पाहिजे, तूच तर सांगितलं." खरं होतं तिचं. पहिल्या दिवशीच संजनानं सांगितलं होतं, जवळच्या नात्यात असेल तर ती बाई या गटात बसत नाही.

झग्यात बसवून संजनानं पुन्हा सगळे प्रश्न घेतले. गाठ? नाही. औषध सुरू? नाही. मधल्या काळात आई, बहीण, मुलगी, कुणाला? ती खाली बघून विचारत होती, रोजचंच तिचं. आणि मी म्हणाले, नाही.

तुला खरं सांगते, म्हणताना बरं वाटलं. क्षणभर वाटलं, नाहीच. मी नाही म्हणाले, संजनानं नाही टिपलं, म्हणजे नाही. तू तिकडं ऑफिसात बसलीयस, केसांचा तो भला मोठा अंबाडा घालून, आणि माझ्यावर नुसती चिडलीयस. नुसती चिडलीयस एवढंच असतं तर काय पाहिजे होतं मला.

मग पालथी झाले. खळग्यात दोन्ही बाजू सोडल्या, तोंड खाली केलं, हातात फुगा आला. दार लागलं. आवाज सुरू झाला. मनात आलं, आता माझ्या आत पाणी फिरतंय आणि हे मोजतायत, आणि कुठंतरी लिहिणार की ही बाई निरोगी, हिच्या लेकीलाही काही नाही. म्हणजे ज्या मनूला दुखतंय ती कुणाची मग? मी तुला त्या कागदातून पुसूनच टाकलं की गं. रोहितच्या घरच्यांपुढे मी तुझ्या बाजूनं बोलले नाही. निदान मशीनच्या पोटात तरी तुला नाकारायला नको होतं.

मी फुगा दाबला. आवाज लगेच थांबेना म्हणून पुन्हा दाबला, दाबतच राहिले.

संजना धावत आली, "काकू, काय झालं, गुदमरतंय का?" मी पालथीच होते, तिचे पांढरे बूट तेवढे दिसत होते. त्या बुटांकडं बघून म्हणाले, "माझ्या मुलीला आहे. मनाली नाव तिचं. ऑगस्टपासून आहे."

तिनं मला उठवून बसवलं. पाणी दिलं. रागावली नाही, उलट माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, एवढीशी पोर ती. मोठ्या डॉक्टर आल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आजचा स्कॅन होणार नाही. जानेवारीतलाही या गटातून काढावा लागेल, कारण मुलीला आहे म्हटल्यावर आई 'नॉर्मल' धरता येत नाही. माझी तपासणी वेगळी करू म्हणाल्या, मॅमोग्राफी वगैरे. आणि तुझ्या डॉक्टरांना विचारा म्हणाल्या, एवढ्या लहान वयात आहे तर रक्ताची एक तपासणी असते, घरातून आलंय का ते कळायची.

मी म्हटलं, "मॅडम, जानेवारीत माझं अंग होतं तसंच आज आहे. काल निरोगी होते, आज एका वाक्यानं काय बिघडलं?" त्या म्हणाल्या, "तुमच्यात काही बिघडलंय असं मी म्हणतच नाही. आम्हाला नक्की सांगता येत नाही, एवढंच." मग काय! कुणालाच काही नक्की सांगता येत नाही. मी कुणाशी भांडू? आयुष्यभर भांडत आले, आता समोर कुणी उभंच नाही.

बाहेर कुसाबाईनं तोंड बघूनच ओळखलं. "सांगितलं का?" सांगितलं. "येडी गं येडी," म्हणाली, आणि दोन्ही गुलाब माझ्या हातात देऊन रडायला लागली. रिक्षावाला विचारत होता, कुठं जायचंय, आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही पत्ता सांगता येईना.

तर असं झालं. निरोगी बायकांतून मला काढलं. जे एक करता येत होतं तेही आता नाही. राहिलं सत्त्व. या वेळी जास्त केलंय, राकेश शनिवारी निघेल. त्याच डब्यात आहे, आणि हे पत्र डब्याखाली, म्हणजे ते पोस्टानं येणार नाही, तुला सही करावी लागणार नाही. दुधात करायचं, गुठळी होऊ देऊ नकोस, आधी गार दुधात कालवून मग चुलीवर ठेवायचं. वेलची नको, तोंडाला झोंबेल.

मी येत नाही. शब्द देते. राकेशला विचारून विचारून त्याचाही जीव खाणार नाही. वेळेवर का दाखवलं नाहीस, एकटी का राहिलीस, हे कधीच विचारणार नाही, तू पुढं कधी माझ्याशी बोललीस तरीही. डॉक्टरांनी सांगितलेली ती रक्ताची तपासणी करायची असेल तर माझं रक्त घे, राकेशकडून निरोप पाठव, इथंच देईन. नको असेल तर नको.

एकच मागणं आहे. डबा परत येईल तेव्हा साखर नाही टाकलीस तरी चालेल. पुडीच्या कागदावर फक्त एक अक्षर लिही. डावं असेल तर ड, उजवं असेल तर उ. बाकी काही लिहू नकोस. ॲडव्हान्स स्टेज, औषधं, किती राहिलं, काही नको.

झोपताना हात कुठल्या बाजूला ठेवायचा, तेवढं मला कळेल.

आई